जप्तीकाका आणि माझं तैलचित्र

जप्तीकाका कुणाच्याही घरी गेले की आधी माणसाकडे नाही, भिंतीकडे बघत. बारशाला आले तरी तेच. घड्याळ एक, तसबिरी दोन, आरसा एक, असं ओठांतल्या ओठांत मोजून झालं की मग विचारत, "बाळ कुठाय?" ते दिवाणी कोर्टात बेलिफ होते. थकलेल्या पैशांच्या दाव्याचा निकाल लागूनही कुणी पैसे भरले नाहीत, की हुकूम घेऊन सामान उचलायला हेच जात. नौपाड्यात आमच्या समोरच्या बिऱ्हाडात राहत. त्यांच्या स्वतःच्या भिंतीवर मात्र खिळासुद्धा नव्हता. "टांगलं की यादीत येतं," म्हणत.

हुकूम घेऊन गेले त्या घरचं पाणी ते पीत नसत. भर मे महिन्यात शहाडपर्यंत जाऊन आले तरी घरी येऊनच तांब्या तोंडाला लावत. "ज्याचं घर मोजायचं, त्याचं पाणी प्यायचं नाही." यादीतही स्वतःचं मत कधी घालत नसत. त्यांच्या लेखी टेबल सुंदर नसे, चार पायांचं असे.

मत द्यायला गल्लीत मी होतेच. वय चोवीस, चित्रकलेचा डिप्लोमा ताजा, शाळेत ड्रॉइंग टीचर. कलेचा इतिहास शिकलेली ठाण्यात मी एकटीच, अशी माझी समजूत. वाण्याच्या कॅलेंडरवरही मी वाण्याला व्याख्यान दिलेलं.

एका सकाळी काका म्हणाले, "अगं, जप्तीला दोन पंच लागतात. एक मिळालाय. बाळकुमला येतेस? बघायचं आणि सही करायची." मी इस्त्रीची खादीची साडी नेसून निघाले.

बाळकुम तेव्हा गावच होतं. खाडीजवळ हिराबाई कोळणीचं घर. नवऱ्याने एका व्यापाऱ्याकडून उधारीवर जाळी घेतलेली, नवरा वारला, आणि हुकूम तिच्या दारात आला. व्यापाऱ्याचा मुनीम आधीच पडवीत होडीच्या मशीनवर हात ठेवून उभा.

"मशीन नेलंस तं पोरांना काय, खारं पानी पाजू?" हिराबाई त्याला विचारत होती. तिचा भाऊ होडी चालवायचा. घर त्या मशीनवर चालत होतं, हे मलासुद्धा कळत होतं.

काका चपला बाहेर काढून आत गेले आणि सवयीप्रमाणे भिंतीसमोर उभे राहिले. तिथे एक मोठी तसबीर होती. तळ्याकाठी बसलेली बाई, मांडीवर वीणा, पाण्यात बदकं. कुणा बंगलेवाल्याने हिराबाईच्या सासऱ्याला दिलेली.

"पंच, हे काय आहे?" काकांनी विचारलं.

हे काय विचारणं झालं? कॅनव्हासची वीण स्पष्ट दिसत होती, वर रोगणाची चकाकी. मी पदर खोचून दहा मिनिटं बोलले. अस्सल जुनं तैलचित्र, पाश्चात्त्य वळणाचं, मुंबईत याला वाटेल ती किंमत येईल. मुनीम मशीन सोडून कधी आत आला, मला कळलंही नाही.

"हुकमातल्या रकमेपुरतंच सामान उचलता येतं," काका त्याला म्हणाले. "हे की मशीन, तुम्ही सांगा."

मुनिमाने तैलचित्र सांगितलं. काकांनी लिहिलं, 'पंचांच्या म्हणण्याप्रमाणे तैलचित्र, नग एक.' मुनिमाची सही झाली, दुसऱ्या पंचाची झाली, माझी तर झोकदार झाली.

लिलावाला मीही गेले, मान मिळेल म्हणून. जुन्या सामानाच्या दलालाने तसबीर चौकटीतून काढली. खालच्या कडेला, चौकटीखाली झाकलेलं, छापखान्याचं नाव. तैलचित्र वाटावं म्हणून छापील कागदावर अशी वीण उठवत, वर रोगण देत. आजोबांच्या काळी ही चित्रं घरोघर होती. परीक्षेत मी त्यांच्यावर दोन पानं लिहिली होती.

बोली कुणी लावली नाही. पुढे मशीनसाठी नवा हुकूम निघेपर्यंत मासळीचा हंगाम लागला. हिराबाईने हप्त्याहप्त्याने सगळं फेडलं.

"तुम्हाला ठाऊक होतं," हिशेब मिटला त्या दिवशी मी काकांना म्हटलं.

"तीच बाई, तीच बदकं अकरा घरांत पाहिली मी. पण मी मत लिहीत नाही."

"मग मला कशाला नेलंत?"

"तुझ्याइतकं खात्रीने बोलणारं दुसरं कोण होतं?"

मी आठ दिवस अबोला धरला. त्यांना तो सुखाचा गेला असावा. नवव्या दिवशी तसबीर परत करायला ते मला घेऊनच गेले. ती खिळ्याला लागली. काका तिच्याकडे न बघता हिराबाईला म्हणाले, "बाई, जरा पाणी द्या." दोन तांबे प्यायले.

काका जाऊन बरीच वर्षं झाली. परवा बाळकुमला गेले होते. घराच्या जागी टॉवर, अकराव्या मजल्यावर हिराबाईचा नातू. तसबीर हॉलमध्ये, तिच्याखाली कोर्टाच्या त्या कागदाची नक्कल, काचेत. थकलेली हिराबाई सोफ्यावर.

"आजी, तुम्ही चित्रातल्या जाणकार," नातू मला म्हणाला. "हे ओरिजिनल आहे ना?"

"कोर्टाच्या कागदावर लिवलंय, बघ की," हिराबाई म्हणाली, आणि माझ्याकडे बघत राहिली.

मी तोंड उघडलं. मग म्हटलं, "बाळा, जरा पाणी दे."