आईच्या मंगलाष्टका आणि मी दाबलेला ‘हो’

मंडळी, आज जे झालं ते आधी तुम्हालाच सांगते.

सकाळी लॅपटॉपवर लिनक्स या संगणकप्रणालीची नवी आवृत्ती टाकत होते. मध्येच सगळं अडलं. मराठी फॉन्टची दोन पॅकेजेस, म्हणजे फॉन्टचे गठ्ठे, एक जुनं आणि एक नवं, एकाच फाइलवर हक्क सांगत होती. जुनं काढू का, असं स्वच्छ इंग्रजीत विचारलं होतं. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली मी, नीट वाचून ‘हो’ म्हटलं. नव्यात जुनं आलंच असेल, असं धरून चालले.

मग भाचीच्या लग्नासाठी आईने आधीच रचून, टाइप करून ठेवलेल्या मंगलाष्टका छापायला उघडल्या, तर पानभर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं! आई आता नाही. दुसरी प्रत नाही. लग्न परवा.

भोपाळला मुलीला फोन लावला.

"आई, पहले सांस ले. काही सेव्ह तर नाही केलंस?"

"नाही गं."

"मग सगळं जागच्या जागी आहे. फक्त फॉन्ट गेलाय. आजीच्या जुन्या फॉन्टमध्ये आत इंग्रजी अक्षरंच असतात, त्यांना मराठी रूप तो फॉन्ट देतो. नव्या पॅकेजात तो घेतलाच नाही बनवणाऱ्यांनी. माझ्याकडे आहे, भेजती हूं."

तिने पाठवलेला फॉन्ट टाकला आणि आईची पहिली ओळ पडद्यावर आली. दाना ओली या गल्लीतल्या आमच्या घरी एकेक कळ शोधत टाइप करणारी आई आठवली आणि रडूच फुटलं.

तिचे शब्द कशाच्या आधारावर टिकलेत, हे मला आज सकाळपर्यंत ठाऊकच नव्हतं. तुमच्याकडे जुन्या फॉन्टमध्ये कुणाचं काही आहे का? शेवटचं कधी उघडून पाहिलंत?