बावीस नंबरची शेवटची यादी

बावीस नंबरच्या मतदारसंघाला प्रांताच्या विधिमंडळात अठ्ठावीस वर्षं हक्काची खुर्ची होती. तो एका पानी परिपत्रकानं बरखास्त झाला, तेव्हा कुणाच्या घशात घास अडकला नाही. गिरणी बंद पडल्यापासून वस्ती ओसरत चालली होती, मतदार पुरेनात. निम्मा भाग एकवीसला जोडला, निम्मा तेवीसला. ज्याला खरंच चुटपुट लागली असं माणूस एकच, यादीबाई.

यादीबाई प्राथमिक शाळेतली शिक्षिका. सोळा वर्षं तिनं स्टेशनमागच्या सात गल्ल्यांची मतदारयादी सांभाळली होती. दारोदार जायचं, नव्यानं वयात आलेल्यांची नावं घालायची, बिऱ्हाड हलवून गेलेल्यांची काढायची, वारलेल्यांवर रेघ मारायची. "बाई दिसल्या की म्हाताऱ्यांनी खोकायचं नाही, नाहीतर वही उघडतील," अशी गल्लीत थट्टा चाले. तीही हसायची. पण काम चोख. तिच्या यादीतला मेलेला माणूस मत द्यायला उठून बसला, असं एकदाही झालं नव्हतं.

खोटं नाव तिनं एकच ठेवलं होतं, आणि ते तिच्या घरातलं होतं.

तिचे वडील, नाना, शिंपी. कोटाच्या शिलाईत गावात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं आणि रागातही नव्हतं. धाकट्या मुलानं त्यांच्या हाताखाली तयार व्हावं असं ठरलेलं. कुणी ठरवलं ते विचारू नका. पंधरा वर्षांपूर्वी त्यानं एका गिऱ्हाइकाच्या कोटाचं महागडं कापड चुकीचं बेतलं. नानांनी गिऱ्हाइकासमोरच त्याच्या कानाखाली वाजवली. वीस वर्षांचा मुलगा. त्यानं कात्री टेबलावर ठेवली, चपला घातल्या आणि तो गेला, तो आजतागायत. ना पत्र, ना निरोप. "माझ्यापुरता तो मेला," नाना म्हणाले. "त्याचं नाव या घरात घ्यायचं नाही." आई त्याच दुःखात तीन वर्षांनी गेली. नाव काही कुणी घेतलं नाही.

तो गेला त्याच्या आदल्याच वर्षी बाईनं आपल्या पहिल्यावहिल्या यादीत त्याचं नाव स्वतःच्या हातानं घातलं होतं. ते काढायला तिचा हात धजेना. दरवर्षी ती त्याच्यापुढे 'तात्पुरता बाहेरगावी' असं लिहायची आणि पान पटकन उलटायची.

आता ती पळवाटही बंद झाली. नव्या मतदारसंघांच्या याद्या नव्यानं व्हायच्या होत्या. जुन्या यादीतल्या प्रत्येक नावापुढे घरातल्या कर्त्या माणसानं तीनपैकी एक शब्द लिहून सही करायची: रहिवासी, स्थलांतरित किंवा मृत. सात गल्ल्यांचे फॉर्म बाईनं भरून घेतले. स्वतःच्या घरचा तेवढा पिशवीच्या तळाशी राहिला. नाना कोणता शब्द लिहितील, हे तिला ठाऊक होतं. पंधरा वर्षांपूर्वी त्यांनी तो तोंडानं उच्चारलाच होता. आता सरकारी कागदावर, सहीनिशी उमटला असता, आणि तो कागद पुढे न्यायचा होता तिनंच.

शनिवारी मुदत संपत होती. गुरुवारी कचेरीतल्या हेडक्लार्कनं तिला बोलावून घेतलं.

"बाई, फाइल बंद करायच्या आधी बावीस नंबरचा इतिहास चार पानांत लिहून हवाय. साहेबांची हौस. तुमच्याइतकं कुणाला माहीत आहे?"

"किती दिवसांत?"

"उद्यापर्यंत. त्यानंतर जुने कागद लगद्याला जाणार."

शुक्रवारी ती दप्तरखान्यात बसली. इतिहास तसा फार नव्हता. सहा निवडणुका, सहा वेगळे आमदार. बावीस नंबरनं एकालाही दुसऱ्यांदा निवडून दिलं नाही. त्यातला एक अकरा दिवस मंत्री होता आणि त्या अकरा दिवसांत त्यानं पुलाचं उद्घाटन दोनदा केलं. हे सगळं तिनं इमानदारीत लिहिलं. मग मतदानाच्या आकड्यांसाठी केंद्रांवरच्या याद्या काढल्या. मत देऊन गेलेल्याच्या नावापुढे तिथला अधिकारी लाल पेन्सिलीनं खूण करतो, त्या याद्या. बाईनं त्या कधी पाहिल्या नव्हत्या. मतदानाच्या दिवशी तिची नेमणूक नेहमी दुसऱ्या टोकाला असायची.

आपली गल्ली तिनं मुद्दाम उघडली. नानांच्या नावापुढे खूण नव्हती. खालच्या ओळीत धाकट्याच्या नावापुढे लाल खूण होती.

लिहिणाऱ्याचा हात एक ओळ खाली घसरला असणार, असं तिनं स्वतःला समजावलं. मग आधीच्या निवडणुकीची यादी काढली. तेच. त्याच्याआधीची काढली. तिथंही नानांची ओळ कोरी आणि धाकट्याची भरलेली. तो गेल्यापासूनच्या तिन्ही निवडणुकांत. नाना दर खेपेला मतदानासाठी इस्त्रीचा कोट काढून ठेवायचे आणि रात्री ती घरी परतली की त्यांच्या बोटावर शाई असायची, हे तिनं स्वतः पाहिलं होतं.

चार पानं हेडक्लार्कच्या टेबलावर ठेवून ती घरी आली, तेव्हा नाना खिडकीपाशी बसून कुणाच्या तरी उसवलेल्या बाहीला टाके घालत होते. तिनं फॉर्म त्यांच्यासमोर ठेवला.

"नाना, तिन्ही वेळा तुम्ही त्याच्या नावावर मत दिलंत."

सुई थांबली. नानांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"तू त्याचं नाव ठेवलं होतंस. मत नसतं पडलं तर कुणीतरी विचारलं असतं, हा माणूस आहे की नाही."

"आणि तुमचं मत?"

"माझं कशाला? मी आहे हे सगळ्यांना दिसतंय."

"कुणी ओळखलं नाही?"

"केंद्रावरचे बाहेरगावचे. आपली माणसं ओळखायची, पण मान खाली घालायची. मागच्या खेपेला एका पोरीनं वय वाचलं, बत्तीस. माझ्याकडे बघत राहिली. म्हटलं, शिंपीकामानं माणूस लवकर वाकतो."

बाईला हसू आलं आणि त्याच्याबरोबर रडूही आलं. तिनं डोळे पुसले नाहीत.

"मत कुणाला दिलंत?"

"मला पटेल त्याला नाही. त्याला जो आवडला असता, त्याला," नाना म्हणाले. "तिन्ही वेळा तो उमेदवार पडला. त्याची पारख पहिल्यापासून अशीच."

नानांनी फॉर्म जवळ ओढला. स्वतःपुढे आणि बाईपुढे 'रहिवासी' लिहून सह्या केल्या. तिसऱ्या ओळीवर मात्र पेन टेकेना.

"रहिवासी लिहिलं तर खोटं होईल," बाई हळूच म्हणाली. "आता चालणार नाही."

"माहीत आहे."

नानांनी कागद उजेडात धरला आणि त्या ओळीतलं नाव मोठ्यानं वाचलं. आधी मुलाचं, मग मधलं, म्हणजे त्यांचं स्वतःचंच, मग आडनाव. पंधरा वर्षांत त्या घरात ते नाव पहिल्यांदा ऐकू आलं. मग त्यांनी त्याच्यापुढे 'स्थलांतरित' असं लिहिलं आणि सही केली.

"हे नीट पोचव," ते म्हणाले. "माझा मुलगा जिवंत आहे, असं लिहून दिलंय मी."