सरळ ठोकळ्यांचा गोल बुरूज

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही, आणि तिला माहीत नाही असं माझ्याजवळ दुसरं काही नाही. तुम्हाला सांगतो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून सोपं जाईल असं वाटलं होतं — तसं काही जात नाहीये. चारदा सुरुवात केली, आणि चारही वेळा ठोकळ्यांबद्दलच लिहीत बसलो. मग ठोकळ्यांपासूनच चालू द्या.

तुम्ही पाहिले असतील. प्लास्टिकचे, लाल-पिवळे, वर बटणं आणि खाली पोकळ. एकाची बटणं दुसऱ्याच्या पोकळीत दाबली की बसतात. सत्तर सालानंतर नागपुरात, जरीपटक्यात एका शेठचा कारखाना होता — कारखाना म्हणजे काय, टिनाचं शेड आणि हाताने दाबायची दोन मशीनं. तिथे हे ठोकळे निघायचे आणि पेट्या भरून सीताबर्डीच्या दुकानांत जायचे. माझी धाकटी बहीण वच्छला तिथे कामाला होती. साच्यातून निघालेल्या ठोकळ्याच्या कडेला प्लास्टिकचा पातळ पापुद्रा राहतो, तो ब्लेडने तासायचा, हे तिचं काम. तिच्या डाव्या अंगठ्यावर नेहमी चिंधी असायची.

आणि मी? मी बी.एस्सी. होतो. आमच्या घरातच नव्हे, आमच्या अख्ख्या नात्यात पहिला. बाबा गवंडी. त्यांना सही यायची, तीही शेवटच्या अक्षरावर हात थांबवून. महाल भागातल्या एका शाळेत मी विज्ञान शिकवायला लागलो तेव्हापासून बाबा मला नावाने हाक मारीनासे झाले. घरातसुद्धा 'मास्तर' म्हणायचे. थट्टेत सुरू झालं होतं, मग तेच राहिलं. वस्तीतले लोक अर्ज लिहून घ्यायला, कागद वाचून घ्यायला माझ्याकडे येत. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू — फार आवडायचं. पदवीचा कागद चौकट करून समोरच्या भिंतीवर लावला होता. आत येणाऱ्याची पहिली नजर तिथेच जायची.

वच्छला सातवीनंतर घरी बसली. दोघांना शिकवणं होणार नव्हतं, आणि कोणी शिकायचं हा प्रश्न कधी कोणी विचारलाच नाही. मीही नाही.

कारखान्यात बाद झालेले ठोकळे शेठ तिला घरी नेऊ द्यायचा. तिने दोन डबे केले होते. सकाळी मशीन पुरतं तापलेलं नसतं, म्हणून पहिले काही घाणे अपुरे भरतात. त्या ठोकळ्यांची बटणं जराशी बारीक राहतात आणि ते सैल बसतात. म्हणून बाद. दुपारचे बाद ठोकळे मात्र घट्ट असतात, त्यांचा रंगच काय तो बिघडलेला असतो. एका डब्यात सकाळचे, दुसऱ्यात दुपारचे. पाहून फरक कळायचा नाही. ती बोटांनी ओळखायची.

आणि या बाद मालातून ती काय काय करायची! पेटीत एक कागद यायचा, त्यावर घर, पूल, ट्रक असे नमुने — सगळे एकावर एक, बटणं वर. वच्छला ठोकळे आडवे लावायची, उलटे लावायची. दोन ठोकळे पोटाला पोट लावून जोडायचे असले की मध्ये तिसऱ्याची कड चिमटीत धरल्यासारखी अडकवायची. एखादा फारच सैल असला तर बटणावर बसच्या तिकिटाची पट्टी ठेवून वरून दाबायची. मग तो हलायचा नाही. भांड्यांच्या मांडणीच्या खालच्या बाजूला तिने एकदा उलटा जिना लटकवला होता. मी पाहिला आणि म्हणालो, यावर चढणार कोण? ती हसली. तिला वाटलं मी गंमत केली.

मी गंमत केलेली नव्हती.

तिच्या वस्तू ठेवायला फळी हवी म्हणून आईने समोरच्या भिंतीवर फळी ठोकली. त्यासाठी माझी चौकट काढून बाजूच्या भिंतीवर लावली, दाराआड. दार उघडलं की पदवी दाराच्या मागे. एवढ्यावरून माणूस काय बोलणार? पण रोज दार उघडताना मला ते दिसायचं — म्हणजे दिसायचं नाही, हेच दिसायचं.

मग तो बुरूज.

तो हातभर उंच होता आणि गोल. पुन्हा सांगतो, गोल — आणि त्यातला एकही ठोकळा गोल नव्हता. सगळे सरळ, दोन बटणांचे, बारके. वीट जशी खालच्या दोन विटांवर अर्धी अर्धी बसते तसा प्रत्येक ठोकळा खालच्या दोघांवर एकेका बटणाने बसलेला. एकाच बटणावर असल्यामुळे तो किंचित फिरू शकतो. एक ठोकळा किती फिरेल? केसभर. पण लांब भिंत केली की केस केस जमा होतात, आणि भिंत हळूहळू वळवत नेली तर तिची दोन टोकं एकमेकांना येऊन भेटतात. फक्त ठोकळे सकाळचे हवेत. दुपारचे घट्ट, ते तडकन निसटतात.

हे मला कोणी सांगितलं? तिनेच. मी न विचारता.

बाबा कामावरून आले, हातपाय न धुताच फळीसमोर उकिडवे बसले. अंगठा बुरुजावरून फिरवत गेले, पूर्ण एक फेरा. मग म्हणाले, "हे तं विहिरीचं बांधकाम व्हय. कसं काय सुचलं वं तुले?"

ती म्हणाली, लहानपणी तुमची भाकर घेऊन यायची ना मी विहिरीवर, तेव्हा पाहिलं. बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. चुन्या-सिमेंटने उललेला हात. आणि माझ्याकडे न पाहता, जणू स्वतःशीच बोलले, "माहा हात हिच्यात उतरला."

मी बी.एस्सी. झालो त्या दिवशी त्यांनी वस्तीत पेढे वाटले होते. पण माझ्या डोक्यावर हात ठेवला नव्हता. मला वाटायचं, त्यांची तशी रीतच नाही.

त्यानंतर लोक येत ते 'वच्छीचा बुरूज पाहू द्या' म्हणत. अर्ज लिहून घ्यायला आलेला माणूससुद्धा आधी फळीपाशी जायचा, आणि मी हातात पेन धरून बसलेला असायचो. हसू नका. म्हणजे — हसा हवं तर.

एका गुरुवारी शाळा दुपारीच सुटली. घरी कोणी नव्हतं. मी सकाळचा डबा काढला आणि करून पाहिलं. मला काय हवं होतं? जमू नये, असं हवं होतं. जमलं. पहिल्याच झटक्यात टोकाला टोक लागलं. मी ते जमिनीवर ठेवून बघत बसलो. आनंद झाला नाही — राग आला. इतकं सोपं, इतकं बरोबर, आणि चार वर्षं पदार्थविज्ञान शिकून ते मला नाही, तिला दिसलं. सगळं मोडलं, ठोकळे परत भरले. घाईत एक ठोकळा दुपारच्या डब्यात पडला.

संध्याकाळी तिने तो बोटांनी ओळखला. तळहातावर ठेवून माझ्यापुढे धरला. चेहरा कसा फुलला होता तिचा! "दादा, तू बी करून पाह्यलं ना? जमलं का?"

"मले काय तेवढाच धंदा आहे का?" मी म्हणालो.

तिने ठोकळा बरोबर डब्यात टाकला.

आता ती रविवारची सकाळ. शेठ आमच्या घरी आला. वच्छलानेच त्याला सुचवलं होतं, की सकाळचे बाद ठोकळे फेकू नका, वेगळ्या पुडीत भरून पेटीत टाका, आणि कागदावर गोल बुरुजाचा नमुना छापा. शेठला पटलं होतं. तिला तासायच्या कामावरून काढून नमुने करायला टेबलावर बसवायचं, असंही तो आईला बोलून गेला होता. इकडे बाबा काटोलकडच्या एका स्थळाशी बोलत होते. पोरीला असं काम लागलं तर दोन-तीन वर्षं थांबू, असं तेच म्हणाले होते. सगळं त्या सकाळवर अवलंबून होतं. घरात प्रत्येकाला हे माहीत होतं. मलाही.

पण शेठला शंका होती. त्याने कारखान्यात पेटीतल्या ठोकळ्यांनी करून पाहिलं होतं, तीनदा तुटलं. पोरीने आच देऊन तर वाकवलं नाही? पेटीवर छापलं आणि मुलांना जमलं नाही तर दुकानदार माल परत करतील. बुरूज हातात घेऊन तो फिरवत होता. मग माझ्याकडे वळला.

"मास्तरजी, तुम्ही सायन्सवाले. तुम्ही बोला, बगैर गरम केल्याचं असं वाकते काय? तुम्ही हो म्हटलं तर मी उद्याच छापाले टाकतो."

सगळे माझ्याकडे बघत होते. आई चहाची कपबशी घेऊन तशीच उभी. किती दिवसांनी घरातली प्रत्येक नजर माझ्यावर होती, हे मला त्या क्षणी जाणवलं. एवढ्या क्षणातसुद्धा जाणवलं. वच्छला मात्र निवांत होती. तिला काय काळजी? दादा सांगणार होता. दादाला माहीत होतं.

मी बुरूज हातात घेतला. उजेडाकडे धरून पाहिला — तपासतो आहे असं दाखवायला. आणि म्हणालो, शाळेतल्या आवाजात म्हणालो, "सरळ ठोकळा सरळच बसतो. वाकला याचा अर्थ त्याला आच लागली आहे."

झालं. एवढंच वाक्य. ते म्हणायला मला कोणी भाग पाडलं नव्हतं.

शेठने बाबांकडे पाहिलं. बाबांनी तोवर तीस-पस्तीस विहिरी बांधल्या असतील. सरळ विटांच्या गोल विहिरी! त्यांनी 'काहून नाही येत?' एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. त्यांनी बुरुजाकडे पाहिलं. ओठ हलले. मग मान खाली घालून म्हणाले, "मास्तर म्हणते तं मंग तसंच असन. आपल्याले काय समजते त्यातलं?"

माझ्या एका पदवीपुढे त्यांनी आपले हात खोटे मानले. मी तेही होऊ दिलं.

शेठ वच्छलाला म्हणाला, बेटी, खरं सांग. तिने माझ्याकडे पाहिलं. तो सैल ठोकळा तिच्या तळहातावर होता तेव्हा पाहिलं होतं, तसंच. तिच्यापुढे डबा होता. शेठसमोर तिथल्या तिथे करून दाखवणं तिला अवघड नव्हतं. पण तसं केलं असतं तर भावाचं शिक्षण सगळ्यांदेखत खोटं पडलं असतं.

"हो," ती म्हणाली. "चुलीपाशी ठेवलं होतं म्या."

शेठ रागावला नाही. चहा पिऊन गेला. वच्छलाने बुरूज मोडला, ठोकळे डब्यात टाकले, आणि त्यानंतर फळीवर काही उभं राहिलं नाही. उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. फळी रिकामी झाली म्हणून आईने माझी चौकट पुन्हा समोर लावली. मी 'राहू दे' म्हणालो नाही.

तिचं सासर बरं आहे. संत्र्याची बाग आहे, दोन मुली आहेत. हे मी माझ्या बाजूने सांगत नाही. आहे म्हणून सांगतो. ती टेबलावर बसली असती तर काय झालं असतं, हे मला माहीत नाही, आणि ते माहीत नसणं ही माझीच करणी आहे.

मागच्या वर्षी मी प्लॉटवर घर बांधलं, विहीर खोदली. बाबा थकले आहेत, पण विहीर दुसऱ्या कोणाला बांधू देईनात. वच्छला आली होती. तीच त्यांच्या हाती विटा देत होती. तळाचा पहिला थर लावताना बाबा थांबले. हातात थापी, समोर भिजवलेली वीट. मान वर न करता विचारलं, "मास्तर, सरळ विटेनं गोल येते ना गा?"

टोमणा होता का? बाबांना टोमणे मारता येत नाहीत. ते खरंच विचारत होते. इतक्या वर्षांनी, इतक्या विहिरींनंतर ते मला विचारत होते. वच्छला हातात वीट धरून उभी होती. ती विटेकडेच बघत होती.

"येते," मी म्हणालो.

बाबांनी मान हलवली आणि वीट ठेवली. वच्छलाने दुसरी दिली. त्या वेळी तरी बोलायला हवं होतं — तिथे तिघेच होतो, पाण्याचा पंपसुद्धा बंद होता. मी वर उभा राहून बघत राहिलो. संध्याकाळपर्यंत बांधकाम कमरेएवढं वर आलं. गोल, कुठेही खोट नाही.

बुरूज चुलीपाशी कधीच नव्हता. तसाच बुरूज त्या गुरुवारी मी माझ्या हातांनी करून पाहिला होता.