कॅप्टन काकूंची परवानगी

कॅप्टन काकू कोणाच्या घरी परवानगी मागायला गेल्या की आधी तिथलं काम हातात घेत. तुरीच्या शेंगा असल्या तर शेंगा, लसूण असला तर लसूण. आमच्याकडे शिबिराचा होकार मिळाला तेव्हा सोललेल्या दाण्यांनी पातेलं भरलं होतं. "भाऊ, पोरगी दोन रोज घरी नसली त काय बिघडते?" असं त्या मान वर न करता विचारत. पाहुणी बाई आपल्या शेंगा सोलत बसली आहे म्हटल्यावर कोणत्याही बापाला फार वेळ नाही म्हणता येत नसे.

नेरला बसस्थानकाजवळ त्यांचं पिको-फॉलचं दुकान होतं. दर शनिवारी दुपारी शटर ओढून त्या शाळेच्या मैदानावर आमचं मुलींचं गाईड पथक चालवायला येत. बिनपगारी. साडीवर स्कार्फ आणि गळ्यात शिट्टी. गाठी शिकवायला दोरी नव्हती, म्हणून त्यांनी दुकानातून परकराचे नाडे आणले. प्रथमोपचाराच्या तासाला त्यांनी माझा धडधाकट हात असा काही बांधला की सोडवायला कात्री लागली. "बांधलेलं सुटाले नाई पायजे," असं म्हणून त्यांनी स्वतःचंच समाधान करून घेतलं.

शिबिरात तंबू ठोकण्यापासून भाजीच्या मिठापर्यंत सगळं काकूंच्या हातात. फक्त संध्याकाळी साडेपाचला त्या साडी झटकून उठत आणि बसने घरी जात. रात्री आमच्याजवळ पीटीच्या बाई असत. सकाळी पहिल्या बसने काकू हजर. का जातात, हे आम्ही कधी विचारलं नाही. घरी सासू होती, तेवढं कारण आम्हाला पुरेसं होतं.

मी नववीत असताना पीटीच्या बाईंचा पाय प्लास्टरमध्ये गेला. दहावीत पथक सुटणार होतं, म्हणजे हे माझं शेवटचं शिबिर. काकूंनी रांगेसमोर उभं राहून सांगितलं, "शिबिर रद्द."

"तुमी राहा ना काकू," मी म्हटलं.

"आमच्या घरी जमत नाई," त्या म्हणाल्या आणि शिट्टी पुसायला लागल्या.

त्याच संध्याकाळी आम्ही चौघी त्यांच्या घरी गेलो. म्हातारी पलंगावर बसून टीव्ही पाहत होती. वाटेत पाठ केलेलं सगळं मी एका दमात बोलले. तिने टीव्हीचा आवाज कमी केला.

"मंग राह्य म्हणा ना तिले. मी कुठं धरून ठेवली?"

"पण आजी, तुमी नाई म्हणता ना?"

"मले विचारलं कोनं?" म्हातारी म्हणाली. "लग्न होऊन आली तवापासून दिवे लागायच्या आत घरी येते. मले वाटे, तिलेच बाहेर करमत नाई."

काकू दारात उभ्या होत्या. हातात दुधाची पिशवी. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"मंग विचार ना आता," म्हातारी त्यांना म्हणाली.

साऱ्या नेरच्या बापांना वळवणारी ती बाई दुधाची पिशवी चाचपत राहिली. हातात घ्यायला शेंगाही नव्हत्या. मग त्या म्हणाल्या, "जाऊ का, आत्याबाई?"

"जाय," म्हातारी म्हणाली आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

परत येताना मला तर काकूंचा रागच आला होता. इतक्या वर्षांत एकदा विचारायला काय झालं होतं? आज मी त्यांच्याच वयाची आहे. आता तो राग उरलेला नाही. मी कोणाकोणाला काय विचारलेलं नाही, ते मला माहीत आहे.

शिबिर झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन तंबूवर आलं, आमचे पोहे खाऊन झाले, तरी काकू उठल्या नव्हत्या. तोंड उघडं टाकून, हातपाय पसरून गाढ झोपल्या होत्या. कोणी वाजवून त्यांना उठवू नये म्हणून शिट्टी आम्हीच लपवून ठेवली होती. आठ वाजता त्या दचकून उठल्या, घड्याळ पाहिलं, आणि आम्हा सगळ्यांना मैदानाला चार फेऱ्या मारायला लावल्या. आम्ही पाच मारल्या.