न केलेल्या पापाची क्षमा

मी आयुष्यात दारूचा थेंबही घेतलेला नाही. हे सांगायला मला फार लाज वाटते. पुलगावपासून हिंगणघाटपर्यंतच्या ख्रिस्ती मंडळ्यांत मी सुटका झालेला दारुडा म्हणून ओळखला जातो आणि ती ओळख मी स्वतःच्या तोंडानं मिळवली आहे.

पन्नास सालानंतरची गोष्ट. मी पुलगावला प्राथमिक शाळेत मास्तर होतो. आमच्या मंडळीतल्या एका पंचांच्या मुलीशी माझं लग्न ठरत आलं होतं. पंच रेल्वेतून निवृत्त होऊन भाजीपाला पिकवायचे आणि माणसाची पारखही त्याच अंगानं करायचे. "ज्याले वेल जगोता येत नाई, तो माह्या पोरीले काय जगोन?" असं ते माझ्यादेखतच म्हणाले होते.

कापणीच्या सणाला प्रत्येकानं आपल्या हातचं काहीतरी देवापुढे ठेवायचं, अशी आमची रीत. माझ्या परसात दोडक्याचा एक वेल होता, तोही मेलेला. मग मी ओळखीच्या डोळ्यांपासून लांब, सेलूच्या बाजारात गेलो, एक भलंमोठं कोहळं घेतलं, नव्या नवरीसारखं मांडीवर बसवून आगगाडीनं आणलं आणि "परसातलं आहे" म्हणून वेदीपुढे ठेवलं. पंचांनी त्यावर दोनदा टिचकी मारली, मग माझ्या पाठीवर थाप मारली. लग्न पक्कं झालं.

पुढच्याच रविवारी प्रभुभोजन होतं. पाळकसाहेब नेहमीप्रमाणे म्हणाले, आधी स्वतःला पारखा, मग भाकर घ्या. मी पारखलं, तर आत ते कोहळंच बसलेलं. मला उठवेना. सगळे पुढे गेले आणि मी सतरंजीवर एकटा. पुढच्या महिन्यातही तेच.

आमच्या एवढ्याशा मंडळीत भाकर घेणाऱ्याकडे कोणी बघत नाही. न घेणाऱ्याचीच चर्चा होते. कोणी म्हणे बाईची भानगड, कोणी म्हणे मास्तर पेते. शेवटी पंच माझ्या खोलीवर आले.

"मास्तर, प्रभूच्या मेजावर काऊन येत नाई तुम्ही?"

मी जीव मुठीत धरून सांगितलं, "मामाजी, ते कोहळं माझं नव्हतं. बाजारातून आणलं होतं."

"म्या म्हतारा झालो, पण कोहळ्यापायी प्रभूचं मेज सोडणारा माणूस नाई पाह्यला. खरं सांग, बाबू. बाई हाय का?"

"नाही हो, देवाशपथ!"

"मंग पेत असशीन."

बाईचं नाव काढताना त्यांचा चेहरा दगडासारखा होता. दारूच्या नावानं तो सैल झाला. सख्ख्या भावाची दारू त्यांनी स्वतः सोडवली होती, हे मला माहीत होतं. खरं होतं ते सांगून झालं होतं, पण ते कोणी घेत नव्हतं. लग्न डोळ्यांपुढून निसटत होतं.

"हो, मामाजी," मी म्हणालो. "थोडीशी."

"असं सांग ना मंग! कोहळ्याचं काय लावलं!" त्यांनी मला छातीशी धरलं, गुडघे टेकून प्रार्थना केली, रडले. मीही रडलो.

लग्न झालं आणि मी जावयाबरोबरच साक्षीदारही झालो. दारू कशी सुटली याची साक्ष मंडळीपुढे द्यायला मामाजी मला देवळीला, आर्वीला घेऊन जात. "आमचे जवाई. पक्के पिणारे होते!" माझ्या 'थोडीशी'ची दोन वर्षांत रोजची बाटली झाली. एकदा कोणी विचारलं, मोहाची कशी लागते? मी म्हणालो, गोड. मागच्या रांगेत दोघं जण इतके हसले की त्यांना बाहेर जावं लागलं.

आपण शिकवतो, कबुली दिली की क्षमा मिळते. पण न केलेल्या पापाची क्षमा मिळाली तर तिचं करायचं काय? ती परत करता येत नाही. आणि केलेलं पाप दाराशी उभंच राहतं, त्याला कोणी आत घेत नाही. भाकर मी आता दर वेळी घेत होतो, आणि दर वेळी आत ते कोहळं तसंच बसलेलं होतं.

बायकोला मी पहिल्याच आठवड्यात सगळं सांगितलं होतं. तोंडात पदर कोंबून ती पोटभर हसली, मग म्हणाली, "अहो, बाबाले सांगून टाका. ते तुमच्यासाठी रोज प्रार्थना करते."

सांगायला मला वर्षं लागली. एका रविवारी जेवणानंतर त्यांच्या अंगणात मी म्हणालो, "मामाजी, मी कधीच पीत नव्हतो. तुमच्याशी खोटं बोललो."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून हलकेच म्हणाले, "पुन्हा सुरू केली का रे, बाबू?"

"नाही, मामाजी! खरंच सांगतो."

"पिणारा असंच म्हणते. माहा भाऊबी म्हणे." त्यांनी घरात हाक मारली, "बाई, याले लिंबाचं पाणी दे."

बायको पेला घेऊन आली. या वेळी ती हसत नव्हती. "घ्या," ती हळूच म्हणाली, "नाईतर रातभर जागतीन ते."

मी पेला घेतला. मामाजी हात जोडून, डोळे मिटून माझ्यासाठी प्रभूकडे मागू लागले होते.