नळातला ळ

आमच्या चाळीच्या नळाचा अर्ज मुलुंडच्या एका दुकानात कॉम्प्युटरवर टाइप केला होता, पण तिथला प्रिंटर बिघडला. म्हणून मी फ्लॉपी घेऊन घाटकोपरला दुसऱ्या दुकानात गेले. अर्जाचा शेवटचा दिवस होता आणि वॉर्ड ऑफिस पाचला बंद होणार होतं.

मशीनवरच्या माणसाचा पाय सारखा हलत होता. त्याने कागद काढून दिला. मी चौथी शिकलेली, एकेक अक्षर लावून वाचते. वाचलं, "आम्हाला न द्यावा." पानभर ळ कुठेच नव्हता.

"मेल्या, आमचा नळ कुठे गेला?"

"आजी, त्यांचा प्रोग्राम जुना, आमचा नवा. जुन्याचा ळ नव्याला कळत नाही."

"आणि साहेबाला कळेल? वाट लागली ना आमची!"

तो हसला नाही. कानावरचं पेन काढून, पाय हलवतच, त्याने एकेक ळ हाताने भरला आणि प्रत्येकावर फुंकर मारली. मग म्हणाला, "पळा."

वॉर्ड ऑफिसातल्या कारकुनाने शिक्का मारता मारता विचारलं, "हे ळ कोणी काढले?"

त्या माणसाचं नाव विचारायचं राहूनच गेलं होतं. म्हटलं, "ज्याला येतो त्याने."