दहावं नाव

सांतान आल्मेडा यांना कॉलेजात ‘बिल्लेवाले सर’ म्हणत, आणि ते त्यांना ठाऊक होतं. खरं तर ते ग्रंथपाल. पण मालवणातल्या पोरांचं पुस्तकांशी वाकडं नसलं तरी फारसं सख्यही नाही, त्यामुळे सरांना वेळ भरपूर. त्या वेळात त्यांनी एकोणीस वर्षं गुणवंत मंडळाची शाखा चालवली. पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गुण, प्राचार्यांचं पत्र, एक शपथ आणि पितळी बिल्ला. बिल्ला लावताना भाषण दरवर्षी तेच: “इथे कुजू नका. बाहेर पडा, मोठे व्हा.” टाळ्या पडत. पोरं बाहेर पडत.

यंदा पुण्याच्या मुख्य मंडळाचं पत्र आलं. एकतीस जानेवारीपर्यंत दहा नवे सभासद झाले नाहीत तर शाखा बंद. मे महिन्यात सर निवृत्त होणार होते. लग्न करायचं राहून गेलेलं. आयुष्यात उभं केलेलं दाखवायला ही शाखा तेवढी होती. ती आपल्या हातात मरावी हे काही त्यांना सोसणारं नव्हतं.

नऊ फॉर्म जमले. त्यातल्या दोघांना वाटत होतं की बिल्ल्याबरोबर शिष्यवृत्ती मिळते. सरांनी तो गैरसमज सावकाश, म्हणजे सही झाल्यावर, दूर केला.

दहावी संचिता. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला, अठ्ठ्याऐंशी टक्के.

“मला आवडेल सर. पण बाबांना विचारा.”

“सही तुझी लागते, बाबांची नव्हे.”

“सही माझीच. पण तुम्ही विचारा.”

रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून सर स्कूटरवरून आंबेरीला गेले. संचिताचे वडील बाबली खळ्यात नारळ सोलत होते. सरांचं बोलणं त्यांनी पुरं ऐकून घेतलं.

“माझो विनीत तुमच्याच बिल्ल्याचो. आठवता?”

“आठवता तर. ब्याण्णव टक्के.”

“टक्के माका म्हायत नाय. बोटीर गेल्याक सहा वर्षां झाली. एकदाच इलो, आवशीच्या बाराव्याक. तोय तेराव्या दिसाक.” बाबलींनी नवा नारळ घेतला. “एक झील दिलंय तुमका. आता चेडू नको.”

“अरे बाबली, बिल्ल्याचो काय दोष तेच्यात?”

“दोष कोणाचो ता देवाक ठावक. आमच्या वाडीत पाच जणांक बिल्लो गावलो. पाचांतलो एकय आज वाडीत नाय. तुमी एक रवलेलो आणून दाखवा, मगे बघू.”

सरांनी घरी येऊन सभासदांचं रजिस्टर उघडलं. एकशे त्रेचाळीस नावं. पेन्सिल घेऊन तालुक्यात राहणाऱ्यांच्या नावापुढे फुली मारायची, असं ठरवून बसले. मस्कत, पुणे, दोहा, नवी मुंबई, पुन्हा दोहा. दिवेलागणीपर्यंत एकच फुली पडली: गुरुप्रसाद. तारकर्लीला पर्यटकांच्या अंगावर लाइफ जॅकेट चढवतो. आजवर तिथून जाताना सर कधी थांबले नव्हते. सरांच्या हिशेबी तो नापास झालेला सभासद. आता त्याच्याइतका मोलाचा माणूस जिल्ह्यात दुसरा नव्हता.

दोन दिवसांनी त्यांनी त्याला किनाऱ्यावर गाठलं.

“दाखवण्यासारखा माझ्याकडे काय आसा सर?” गुरुप्रसाद ओले हात पुसत हसला.

“तू इथे आहेस, एवढं पुरे.”

तो स्कूटरवर मागे बसला. वाटेत त्याने दोनदा “सर, एक सांगायचा होता” म्हणून सुरुवात केली. रस्त्यात खड्डे होते. दोन्ही वेळा सर म्हणाले, “मगे सांग.”

बाबलींनी गुरुप्रसादला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि त्यांचा चेहरा सैल झाला. संचिता चहा घेऊन आली.

“शिकलंस, बिल्लो घेतलंस, आनि हंय रवलंस. बरा केलंस बाबा. आता खंय जाणार नाय मा?”

सरांनी त्याच्या वतीने मान हलवायला घेतली होती. गुरुप्रसाद बशीकडे बघत राहिला.

“खोटा कशाक सांगू काका. पुढच्या म्हयन्याच्या धा तारखेक मस्कतात जातलंय. तिकीट इला.”

“माका आधी सांगाक नको?” सर म्हणाले.

“सांगत होतंय, सर. तुमी मगे सांग म्हणालात.” त्याच्या आवाजात राग नव्हता. “आनि हंय कुजा नको म्हणान तुमीच सांगितलात. माका वायच उशीर झालो, इतक्याच.”

बाबली चिडले असते तर सरांना सोपं गेलं असतं. पण ते नुसते उठले.

“सही कर गो,” ते संचिताला म्हणाले. “आडवून कोण रवलो हा?”

आणि पाठ फिरवून नारळांपाशी जाऊन बसले.

संचिता पेन घेऊन आली. सरांनी पायरीवर फॉर्म पसरला. सर नारळ सोलल्याचा आवाज येईल म्हणून थांबले. आवाज आला नाही. बाबली हातात नारळ धरून बसले होते.

“इथे ना, सर?” संचिताने जागेवर बोट ठेवलं.

सरांनी फॉर्म ओढून घेतला.

“हा जुना आहे. चालायचा नाही.”

“मग नवा द्या.”

“नवे संपले.”

“सर, तारीख परवा आहे.”

“मला ठाऊक आहे.”

पिशवीत अकरा कोरे फॉर्म होते आणि पिशवी उघडीच होती. संचिताला ते दिसले. तिने पेनाला टोपण लावलं.

एकतीस तारखेला सरांनी पुण्याला पाठवायचं पत्रक भरलं. नवे सभासद: नऊ. कारणाच्या रकान्याशी ते तास संपल्याची घंटा होईपर्यंत बसून राहिले. मग त्यांनी लिहिलं, ‘पुरेसे पात्र विद्यार्थी मिळाले नाहीत,’ आणि कागद प्राचार्यांच्या टेबलावर नेऊन ठेवला. प्राचार्यांनी न वाचताच सही केली.